अर्धा फेर वाचता येत नाही

आमच्या सजाचे (तलाठ्याकडे असलेल्या गावांच्या हद्दीचे) जुने तलाठी भाऊसाहेब गेल्या महिन्यात गेले. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, तब्येतही तोळामासाच होती. दादाने फोनवर बातमी सांगितली आणि मग दोघांनाही पुढे काय बोलावं ते सुचेना. त्यांचं नाव इथे लिहीत नाही. ज्यांनी चावडीत स्वतःच्या सत्काराचा एक फोटो लावू दिला नाही, त्यांना ते आवडलं नसतं. गावासाठी ते भाऊसाहेबच होते. आता या पदाला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण आमच्या खटाव तालुक्यात माणसं अजून 'तलाठ्याकडं जाऊन येतो' असंच म्हणतात.

भाऊसाहेब पैसे खात नव्हते, हे गावात कुणीही सांगेल. ते खरंच आहे आणि ती लहान गोष्ट नाही. पण मला त्यांच्याबद्दल वेगळं काही लिहून ठेवायचं आहे. समोर आलेला कागद ते पुरता वाचायचे आणि ज्याचं ज्याचं नाव त्यात असेल त्या प्रत्येकाला तो वाचून दाखवायचे. आमच्या घरात त्यामुळे काय काय घडलं, ते सांगते.

आमचे आबा, म्हणजे वडील, २०१३ च्या उन्हाळ्यात गेले. माण-खटावात तेव्हा भीषण दुष्काळ होता. येरळेच्या पात्रात नुसती वाळू, टँकर आला की हंड्यांची रांग, आणि आमची दोन्ही जनावरं चारा छावणीत. तशातच आबांचे दिवसकार्य झालं आणि सोसायटीच्या कर्जाचा विषय निघाला. सातबारा उताऱ्यावर आबांचं नाव आहे तोवर दादाला नवं पीककर्ज मिळणार नव्हतं. तेव्हा वारस नोंद करून घ्यायची ठरलं. मी पुण्याहून आले होते, आईला एकटीने चावडीत जायला नको म्हणून बरोबर गेले.

दादाने कागद आधीच करून आणले होते. मृत्यूचा दाखला, आठ-अ (खातेदाराच्या जमिनींचा उतारा), रेशनकार्डाची झेरॉक्स आणि शंभराच्या स्टॅम्पवर एक प्रतिज्ञापत्र. ते एका एजंटाने टाइप करून दिलेलं. त्यात लिहिलं होतं की मयताला पत्नी आणि एक मुलगा एवढेच वारस आहेत. दादाच्या मनात कपट होतं असं मी म्हणणार नाही. गावात अशीच प्रतिज्ञापत्रं व्हायची, एजंटाकडे तोच नमुना होता, फक्त नावं बदलायची. लग्न होऊन गेलेल्या मुली कागदात धरायच्या असतात हे कुणाच्या डोक्यातच नसायचं.

भाऊसाहेबांनी चष्मा लावला, प्रतिज्ञापत्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या सहीपर्यंत वाचलं आणि आईला विचारलं, "मावशी, तुम्हाला लेकरं किती?"

"तीन," आई म्हणाली. "ह्यो थोरला, ही मधली, आन धाकटी इस्लामपुरात दिलीया."

त्यांनी कागद घडी घालून दादाच्या हातात परत दिला. "हे तुम्ही मला दाखवलंच नाही असं मी धरतो. दप्तरात आलं असतं तर मला गप्प बसता आलं नसतं. खोट्या प्रतिज्ञापत्राला शिक्षा आहे आणि सही मावशींची आहे. नवीन करून आणा, तिन्ही लेकरांची नावं घालून."

दादा म्हणाला, बहिणींची काही तक्रार नाही, त्या लिहून देतील. मी तिथेच उभी होते. भाऊसाहेब माझ्याकडे न बघता म्हणाले, "देतील ना. पण आधी नाव लागेल, मग सोडतील. वारस नोंद वेगळी आणि हक्कसोड वेगळी. हक्क सोडायचा तर दुय्यम निबंधकाकडे जाऊन दस्त नोंदवावा लागतो. माझ्या टेबलावर तोंडी हक्क सुटत नाही."

हे वाक्य मी तेव्हापासून किती जणींना सांगितलं असेल! अजूनही कितीतरी घरांत मुलींच्या सह्या एका कोऱ्या कागदावर घेतात, त्याला संमतीपत्र म्हणतात आणि सगळ्यांना वाटतं काम झालं.

नवीन प्रतिज्ञापत्र झालं. भाऊसाहेबांनी वर्दी, म्हणजे वारस लावण्याची लेखी खबर, घेतली, वर्दीची पोच दिली. पोच मागावी लागली नाही. मग ते उतारा घेऊन बसले आणि इथे आमच्या घरातली खरी गाठ वर आली.

आबांच्या नावापुढे उताऱ्यावर तीन अक्षरं होती, 'ए.कु.मॅ.' म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. आम्ही लहानपणापासून तो उतारा बघत आलो होतो, ती अक्षरं म्हणजे नावाचाच भाग असावा असं वाटायचं. आजोबा १९७८ साली वारले तेव्हा थोरला मुलगा म्हणून आबांचं नाव लागलं आणि पुढे हा शेरा. पश्चिम महाराष्ट्रात असे उतारे गावोगावी सापडतात. घरातल्या एका कर्त्याचं नाव लावायचं, बाकीचे त्याच्या मागे आहेतच असं समजायचं. कर्ता असेपर्यंत काही बिघडत नाही. तो गेला की त्याच्या बायकामुलांची नावं लागतात आणि मागे उभे असलेले भाऊ-बहीण कागदावरून कायमचे जातात.

भाऊसाहेबांनी उताऱ्यावरच्या वर्तुळातला फेरफार नंबर, म्हणजे ते नाव ज्या नोंदीने (फेराने) लागलं तिचा नंबर, बघितला आणि उठून कपाट उघडलं. लाल रुमालात बांधलेलं एक जाड रजिस्टर काढलं. वाळवीने कडा खाल्लेल्या होत्या. पानं उलटताना ते मजकुरावर बोट ठेवत नव्हते, कोपऱ्याला दोन बोटांनी धरून अलगद उलटत होते. पान सापडल्यावर त्यांनी खिडकीची फळी उघडली, रजिस्टर उजेडात धरलं आणि मोठ्याने वाचलं. आजोबा मयत, वारस पत्नी, मुलगे दोन, मुली दोन, सगळ्यांची नावं, वयं. खाली ओळ होती की पैकी थोरल्या मुलाचं नाव ए.कु.मॅ. म्हणून दाखल केलं. त्याखाली मंजुरीची सही.

नाना, म्हणजे माझे काका, दारात येऊन उभे होते. अर्धी जमीन तेच कसत होते, पण तोंडी वाटपावर. कागदोपत्री त्यांच्या नावावर गुंठाभरही नव्हता. पस्तीस वर्षांनी पहिल्यांदा त्यांना आपलं नाव सरकारी पुस्तकात ऐकू आलं. त्यांचा चेहरा असा उजळला की मला आबांची आठवण झाली.

"मग माझं नाव लावून टाका की भाऊसाहेब," नाना म्हणाले.

"लावू या. ज्या फेरात तुमचं नाव आहे त्याच फेरात तुमच्या बहिणींचंही आहे. तिघांची लागतील."

"त्यांचं काय काम हाय हितं? त्या दिल्या घरी सुखी हायत."

भाऊसाहेबांनी रजिस्टर बंद केलं. आवाज चढवला नाही. "नाना, अर्धा फेर वाचता येत नाही मला."

त्या दिवशी घरी फार वाद झाला. दादाला वाटलं, जमीन आधी काकांबरोबर अर्धी झाली, आता आत्यांनीही वाटा मागायचा, मग उरणार काय? कोरडवाहू रान, आठ-दहा वर्षांत एखादा बरा पाऊस, त्यात घर चालवायचं त्याच्या डोक्यावर. त्याची बाजू खोटी नव्हती. कुणीतरी वजनदार माणसाकडून फोनही करवला गेला. पलीकडून काय उत्तर मिळालं ते नंतर कळलं. भाऊसाहेब म्हणाले होते, "साहेब, मला लेखी कळवा, मी तेवढं कागदाला जोडून वर पाठवतो." पुन्हा फोन आला नाही.

एक गोष्ट त्यांनी तेव्हा आम्हाला समजावून सांगितली, ती फार जणांना माहीत नसते. मुलींना हक्क २००५ पासून मिळाला असं सर्रास बोललं जातं. मृत्युपत्र न करता बाप गेला तर त्याच्या स्वतःच्या वाट्यात मुलगी मुलाच्या बरोबरीने वारस आहे, हे हिंदू उत्तराधिकार कायद्यात १९५६ पासूनच आहे. वडिलोपार्जित मिळकतीत तिला जन्मापासून मुलाइतका हक्क मिळाला तो नंतर, महाराष्ट्रात १९९४ च्या दुरुस्तीने आणि देशभर २००५ च्या. त्यामुळे १९७८ साली गेलेल्या आजोबांच्या मुलींना काही हक्कच नव्हता, हे म्हणणं तेव्हाही चूक होतं. मुलाइतका नसेल, पण होता. फेरात त्यांची नावं होती ती म्हणूनच. ती सातबाऱ्यावर यायची राहिली. अनेक गावांत तर आणखी एक रीत होती, बहिणींची नावं कब्जेदारांच्या खाली न लावता पलीकडे 'इतर हक्कात' टाकायची, कर्जाच्या बोजाशेजारी. आमच्या आत्या तिथेही नव्हत्या.

काम दोन वाटांनी चाललं. आबांच्या वारसांची नोंद नमुना सहा-क मध्ये, म्हणजे वारसांच्या नोंदवहीत झाली, सर्कलनी (मंडळ अधिकाऱ्यांनी) गावात चौकशी केली आणि वारस ठरले. आणि जुन्या फेरातली नावं उताऱ्यावर यायची राहिली म्हणून जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदारांकडे अर्ज. लेखनप्रमाद, म्हणजे लिहिण्यातली चूक, दुरुस्त करायचं ते कलम आहे. अर्ज कसा लिहायचा हे भाऊसाहेबांनी सांगितलं, पण लिहून दिला नाही. "मी लिहिला तर अर्ज माझा होतो. तुमचा तुम्ही लिहा, मी फक्त कुठला कागद जोडायचा ते सांगतो." मी लिहिला. आजोबांपासूनची वंशावळ काढताना आईला आणि नानांना शेजारी बसवून घेतलं, आणि त्या निमित्ताने लहानपणी गेलेल्या एका काकांचं नावही मला पहिल्यांदा कळलं.

नकलांची फी भरली त्याची पावती मिळाली. त्या पावत्या आईने पत्र्याच्या पेटीत ठेवल्या आहेत. चावडीच्या भिंतीवर त्यांनी स्वतःच्या अक्षरात एक तक्ता लावला होता, कुठल्या कामाला कुठले कागद लागतात आणि फी किती. खाली एक ओळ, 'याव्यतिरिक्त काही द्यावे लागत नाही.' निरक्षर माणूस आला तर कोतवालाने तो तक्ता वाचून दाखवायचा असा त्यांचा दंडक होता.

त्या काळात त्यांच्यामागे कामाचा किती डोंगर होता, हेही सांगायला हवं. टँकरच्या खेपा, पिकांचे पंचनामे, छावणीतल्या जनावरांची मोजणी. छावणीला अनुदान जनावरांच्या संख्येवर मिळायचं, त्यामुळे मोजणीला मोठं महत्त्व. भाऊसाहेब पहाटे, धारांच्या वेळेला, काही न कळवता छावणीत जायचे आणि दावणीने चालत एक-एक शिंग मोजायचे. आमचा दादा छावणीत मुक्कामाला असायचा, त्याने डोळ्यांनी बघितलेलं आहे. ज्या माणसावर तो चिडलेला होता त्याच्याबद्दल हे पहिल्यांदा त्यानेच घरी येऊन सांगितलं. "माणूस सरळ हाय गं," म्हणाला. वाद तिथून निवळायला लागला.

फेरफाराची नोंद धरली की हितसंबंधितांना नोटीस जाते आणि हरकतीसाठी पंधरा दिवस असतात. ही नोटीस म्हणजे बऱ्याच ठिकाणी नुसता उपचार. घरातलाच कुणीतरी सगळ्यांच्या वतीने सह्या करून देतो. थोरली आत्या म्हसवडकडे राहायची. नवरा मुंबईत माथाडी होता, तो वारल्यावर ती गावी परतली. सासरची जमीन दिरांकडे, हिच्या हातात काही नाही. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. भाऊसाहेबांनी तिची नोटीस आमच्याकडे द्यायला साफ नकार दिला. रजिस्टर पोस्टाने पाठवली, आणि ती तारखेला आली तेव्हा पुन्हा वाचून दाखवली.

त्या दिवशी मी चावडीत होते. सर्कल जबाब घेणार होते. नाना आणि दादा आत्याच्या दोन्ही बाजूंना बसले होते. भाऊसाहेबांनी दोघांना बाहेर वडाखाली बसायला सांगितलं. मलाही. नंतर आत्याने आत काय झालं ते सांगितलं. त्यांनी तिला पाणी दिलं आणि विचारलं, "तुमच्यावर कुणाचा दाब आहे का? नाव लावायचं, नाही लावायचं, घाईने काही बोलू नका. आज नाव लागलं तरी उद्या सोडता येतं. आज लागलं नाही तर उद्या लावायला कोर्टात जावं लागेल." घ्या म्हणाले नाहीत, सोडा म्हणाले नाहीत. ती काय ठरवते ते ऐकायला थांबले.

थोरल्या आत्याने नाव ठेवलं. अंगठा देताना भाऊसाहेबांनी लिहिलेला जबाब तिला दोनदा वाचून दाखवला, आणि "मी असं म्हणाले न्हाय" म्हणून तिने एक शब्द बदलून घेतला. तो शब्द होता 'भावांच्या संमतीने'. तो खोडून तिथे बारीक सही झाली. मला वाटतं, आत्याच्या सबंध आयुष्यात तिच्या सांगण्यावरून कुणी कागदावरचा शब्द खोडल्याची ती एकच वेळ.

धाकट्या आत्याने पुढे स्वखुशीने हक्कसोडपत्र करून दिलं, रीतसर, तालुक्याच्या गावी वडूजला जाऊन, नोंदणी करून. तिचं सासर सुस्थितीत आहे आणि नानांवर तिचा जीव. तिला कुणी नावं ठेवावीत असं मला वाटत नाही. हक्क सोडायचाही असतो तो आपला म्हणून लागल्यावरच. आम्ही दोघी बहिणींनी आपापली नावं उताऱ्यावर ठेवली. धाकटीला थोडा विचार करावा लागला, मला नाही.

पावसाळा बरा झाला, फेर मंजूर झाले आणि दादाने नव्या घेवड्याची एक पिशवी भाऊसाहेबांच्या मोटारसायकलला अडकवली. संध्याकाळी ते स्वतः पिशवी घेऊन घरी आले. ओसरीवर ठेवली, आईकडे पाणी मागितलं, चहाही घेतला. "मावशी, चहा पाहुण्याचा असतो, तो घेतो. घेवडा कामाचा आहे, तो नाही घेता येत." आई त्यावर काही बोलली नाही, चहात साखर मात्र दुप्पट घातली.

पुढे त्यांची बदली झाली, नियमाप्रमाणेच. जाताना त्यांनी दप्तर नव्या तलाठ्यांना दिलं तेव्हा कोतवाल सांगत होता, प्रत्येक रजिस्टरची पानं मोजून यादीवर सही घेतली. वाळवी लागलेल्या रजिस्टरला त्यांनी स्वतः खळ लावून नवी पाठ बांधली होती. त्याच रजिस्टरच्या आधाराने नंतर गावातल्या आणखी काही घरांतली ए.कु.मॅ. खाली दबलेली नावं वर आली.

थोरल्या आत्याच्या बाबतीत पुढे जे झालं ते भाऊसाहेबांना कळवायला मी त्यांच्या घरी गेले होते. पीएम-किसान योजना २०१९ साली आली तेव्हा अट होती की १ फेब्रुवारी २०१९ पर्यंत जमीन स्वतःच्या नावावर असली पाहिजे. आत्याचं नाव त्याच्या कितीतरी आधी लागलेलं. वर्षाला सहा हजार, दोन-दोन हजारांचे तीन हप्ते, तिच्या स्वतःच्या खात्यावर. ज्या बाईला औषधाच्या गोळ्यांसाठी दिराच्या तोंडाकडे बघावं लागायचं तिच्यासाठी ते दोन हजार फार होते. भाऊसाहेबांनी ऐकलं, म्हणाले, "आधार लिंक झालंय ना? नसेल तर हप्ता अडकतो, बघून घ्या." त्यांना त्यातलं काम दिसलं. स्वतःचं श्रेय दिसलंच नाही.

आत्या आता नाही. २०२५ साली शासनाने 'जिवंत सातबारा' मोहीम घेतली, मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावं लावायची, त्यात तिच्या वारसांचीही नोंद झाली. तिच्या मुलाने प्रतिज्ञापत्र मला व्हॉट्सॲपवर पाठवलं, काही चुकलंय का बघ म्हणून. दोन्ही बहिणींची नावं त्याने स्वतःच्या नावाच्या आधी घातली होती, कारण त्या वयाने मोठ्या आहेत. मी काही बदल सुचवला नाही.

तुमच्या उताऱ्यावर कुणाच्या नावापुढे ए.कु.मॅ. किंवा ए.कु.क. (एकत्र कुटुंब कर्ता) असेल तर नावाशेजारच्या वर्तुळातला फेरफार नंबर बघा आणि त्या फेराची नक्कल काढा. तलाठी कार्यालयात नसेल तर तहसीलच्या अभिलेख कक्षात मिळते, काही जिल्ह्यांची जुनी रजिस्टरं आता ऑनलाइनही आहेत. मिळाली की घरातल्या सगळ्यांना बोलवा, आत्यांनाही, आणि पहिल्या ओळीपासून खालच्या सहीपर्यंत मोठ्याने वाचा.